सातेरीचा गुण मेलिफेरात आणता येईल?

प्रश्न : माझ्या मेलिफेराच्या पेट्यांत व्हरोआ माइट सतत होतो. शेजारच्या सातेरीला मात्र त्रास नाही. दोघींचा संकर करावा का?

उत्तर : तो मार्ग बंद आहे. या मधमाश्यांच्या दोन वेगळ्या जाती आहेत. त्यांचा संकरित गर्भ सुरुवातीलाच मरतो. सातेरी ही या माइटच्या मूळ यजमान जातीतली. तिच्यात माइटची वीण जवळजवळ फक्त नरांच्या घरांत होते. कामकरी अळीला लागण झाली की अळी लवकर मरते आणि माश्या ती बाहेर फेकतात.

आशेची गोष्ट अशी, की मेलिफेराच्या काही वसाहतींतही हा स्वच्छतेचा गुण असतो. त्यांच्या कामकरी माश्या बंद घरातला माइट वासावरून ओळखतात, झाकण फोडून पिल्लू काढून टाकतात. 1964 मध्ये संशोधक रोथेनबुलर यांनी, दुसऱ्या एका रोगावर काम करताना, या वर्तनामागे दोनच जनुके असावीत असे मांडले होते. पुढे चित्र अधिक गुंतागुंतीचे निघाले. अनेक जनुकांचा त्यात वाटा आहे.

म्हणूनच एक चांगली राणी विकत आणून भागत नाही. तिच्या मुलींतून तयार होणाऱ्या नव्या राण्या हवेत दहा-वीस नरांशी मिलन करतात आणि आसपासचे नर साधे असतील तर गुण पिढीगणिक विरतो.

पेट्या तपासा : झाकलेली शंभर घरे आतले पिल्लू मरेल अशी बारीक टाचणीने टोचा, 24 तासांनी किती साफ झाली ते मोजा. सर्वांत तत्पर वसाहतींतूनच राण्या आणि नर, दोन्ही वाढवा. तोवर माइटची मोजणी आणि उपचार थांबवू नका.