मोबाइल गेममधील संगीत : लेखी करार हवाच

आपल्यापैकी कुणाचा मुलगा घरी बसून मोबाइल गेम बनवीत असेल, तर आम्ही त्याला एकच विचारू : गेममधले संगीत कोणाचे?

'पैसे देऊन करून घेतले' एवढे उत्तर पुरत नाही. कारागिराची मजुरी चुकती केली की दागिना आपला होतो. संगीताचे तसे नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे, आपल्या नोकरीत नसलेल्या संगीतकाराने रचलेली धून त्याचीच राहते. ती वापरायला लेखी परवाना लागतो. तयार गाणे घ्यायचे तर आणखी खटाटोप, कारण शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात, मालकही वेगळे असू शकतात.

खरी मेख कायद्याच्या कलम १९ मध्ये आहे. करारात मुदत लिहिली नाही, तर ती ५ वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नाही, तर फक्त भारत! कलम ३०-अ मुळे हेच परवान्यालाही लागू होते. गेम मात्र प्ले स्टोअरवरून दुबईतही उतरवला जातो. तेव्हा वर्षे आणि 'जगभर' हा शब्द स्पष्ट लिहून घ्यावा. गेमच्या जाहिरातीत तीच धून वाजवायची असेल, तर तेही. दुकानाचा भाडेकरार आपण दहादा वाचतो, मग इथेच ढिलाई का?

फुकटच्या संगीतालाही अटी असतात. क्रिएटिव्ह कॉमन्सचा 'नॉन-कमर्शियल' शिक्का असलेली धून जाहिराती दाखवणाऱ्या गेममध्ये घालू नये. श्रेयाची अट असेल, तर संगीतकाराचे नाव गेममध्येच द्यावे.