अंगण खरंच वाकडं असतं तेव्हा

लाकडात झिऱ्या पाडणाऱ्या राऊटरच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेले असतात ते वॅट. त्याखाली सोबत फुकट मिळणाऱ्या बिटांचा, म्हणजे कापणाऱ्या पात्यांचा, आकडा, आणि शेजारी काट मारलेली जुनी किंमत. पहिल्यांदा राऊटर घेणारा माणूस या तीन आकड्यांवर निर्णय घेतो. मीही तसाच घेतला आणि त्याची फळं भोगली. पण त्या फजितीची कहाणी सांगण्यापेक्षा हिशेब नेमका कुठे चुकतो ते सांगणं जास्त उपयोगाचं, कारण चूक सगळ्यांची एकाच जागी होते. राऊटरचा कस लागतो अंगठ्याएवढ्या कोलेटमध्ये, त्यामागच्या बेअरिंगमध्ये आणि खालच्या बेसमध्ये. खोक्यावर यांपैकी कशाचाच उल्लेख नसतो. त्यामुळे ‘स्वस्त घेऊ की महाग’ हा प्रश्न नंतरचा. माझं काम या तीन भागांवर किती विसंबून आहे, हा पहिला.

कोलेट म्हणजे मोटरच्या दांड्याच्या टोकाशी बसणारी, उभ्या चिरा दिलेली, निमुळती पोलादी नळी. नट आवळला की ती शंकूसारख्या खोबणीत दाबली जाते, चिरा मिटत येतात आणि बिटाचा दांडा चहूबाजूंनी सारखा धरला जातो. चांगल्या कोलेटला चिरा जास्त असतात, आतला पृष्ठभाग आरशासारखा घासलेला असतो आणि नट सैल केला की बिट आपसूक सुटतं. हलक्या कोलेटला दोन-तीनच चिरा असतात, त्यामुळे पकड दोन-तीन जागांपुरती राहते. त्यात मापांचा घोळ. आपल्याकडे ६ मिमी आणि पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी, अशा दोन्ही दांड्यांची बिटं एकाच काउंटरवर मिळतात. मोठ्या मशीनसाठी १२ मिमी आणि अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. पाव इंची कोलेटमध्ये ६ मिमीचा दांडा आवळला जातो, हाताला घट्टही लागतो, पण काम सुरू झालं की बिट हळूहळू खाली सरकतं. ६ मिमी खोलीची झिरी दुसऱ्या टोकाला ८ मिमी झालेली असते. असं सैल धरलेलं मोठं बिट उडालं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको: ५० मिमी व्यासाच्या बिटाची कड मिनिटाला २४,००० फेऱ्यांवर ताशी सुमारे २२६ किलोमीटरच्या वेगाने फिरत असते. इतकी मोठी बिटं इतक्या वेगाने चालवायचीच नसतात. वेग निम्म्यावर आणावा लागतो, आणि ज्या मशीनला वेग कमी-जास्त करायची चकतीच नाही त्यात ती लावूही नयेत.

कोलेटमध्ये केसभर फरक असला तर काय बिघडतं, असं वाटणं साहजिक आहे. आकडेमोड करून पाहू. दोन धारांचं बिट २४,००० फेऱ्यांवर मिनिटाला ४८,००० वेळा लाकूड कापतं. मशीन मिनिटाला तीन मीटर या गतीने पुढे ढकललं, तर एका धारेच्या वाट्याला ०.०६ मिमी जाडीची कपची येते. आता बिट मध्यापासून फक्त ०.०५ मिमी सरकून फिरत असेल, तर एक धार दुसरीपेक्षा ०.१ मिमीपर्यंत बाहेर राहते. हा फरक कपचीच्या जाडीपेक्षा जास्त आहे. म्हणजे बाहेरची धार सगळं काम करते आणि दुसरी नुसती मागे फिरते. दोन धारांचे पैसे मोजून एका धारेचं काम मिळतं. ती धार लवकर बोथटते, सागाची कड काळी पडते, प्लायचा वरचा पापुद्रा फुटतो. हेच सरकणं ०.१ मिमी झालं तर ६ मिमीच्या बिटाने ६.२ मिमीपर्यंत रुंद झिरी पडते आणि तीत बसवलेली फळी खुळखुळते. शिवाय असा डगमगता भार बेअरिंगवर येतो, बेअरिंग ढिली पडते, डगमग आणखी वाढते. स्वस्त मशीन ‘हळूहळू बिघडलं’ असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा ते पहिल्या दिवशीच बिघडलेलं असतं, फक्त दिसायला वेळ लागतो.

वॅटच्या आकड्याने या सगळ्याला झाकण घातलं जातं. तो आकडा मोटर विजेच्या तारेतून किती ओढते याचा आहे. बिटापर्यंत त्यातलं किती पोचतं याचा नाही. उष्णता, पंखा आणि घर्षण आपापला वाटा आधी उचलतात. दाव्याची परीक्षा मात्र सोपी आहे. १,८५० वॅट म्हणजे २३० व्होल्टला आठ अँपिअर. खोक्यावर १,८५० वॅट लिहिलेलं आणि मशीनला बारीक वायर व ६ अँपिअरचा लहान प्लग जोडलेला, असं असेल तर आकडा तरी खोटा आहे किंवा वायर तरी अपुरी. दोन्हींपैकी काहीही खरं निघालं तरी ते मशीन घेण्याजोगं नाही.

यावर पहिला आक्षेप जुन्या मिस्त्रींचा असतो: हात चांगला असेल तर हत्याराला नावं ठेवायची गरज नाही, नाचता येईना, अंगण वाकडं. रंधा आणि पटाशीबद्दल हे बव्हंशी खरं आहे. पटाशी बोथट असेल तर तिला धार लावता येते, रंधा जास्त कापत असेल तर ठोकून पातं आत घेता येतं. हाताला चूक कळते आणि हात ती सावरतो. राऊटरमध्ये कापणारी धार हाताच्या ताब्यात नसतेच. सेकंदाला ८०० वेळा होणारी चूक कोणता हात सावरणार? प्लंज राऊटरचे, म्हणजे फिरतं बिट वरून लाकडात दाबता येणाऱ्या मशीनचे, दोन खांब घ्या. दोन्ही मुठी सारख्या दाबल्या तर स्वस्त मशीनही सरळ खाली जातं. एकाच मुठीवर जोर दिला की त्याची बाजू झुकते, अडकते, मग झटक्याने सुटते. ज्याच्या खांबांत ढिलाई आहे त्याने पाडलेलं भोक कितीही कसबी माणसाच्या हातून काटकोनात येणार नाही. इथे अंगण खरंच वाकडं असतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नामांकित कंपन्यांची कित्येक मशीनंही आज चीनमध्येच तयार होतात. मग नुसत्या नावाचे पैसे का मोजायचे? देशावरून मशीनची पारख करू नये, हे मला मान्य आहे. स्वस्तातही कधी कधी उत्तम कोलेटचा नग हाती लागतो. अडचण ‘कधी कधी’ या शब्दांत आहे. जास्तीच्या पैशात विकत मिळते ती दहावा नगही पहिल्यासारखा असण्याची शक्यता, आणि तीन वर्षांनी मोटरचे कार्बन ब्रश, कोलेट, आर्मेचर मिळण्याची सोय. नावावर भरवसा ठेवायचा नसेल तर नग स्वतः तपासायला हवा आणि सुटे भाग आधी विचारायला हवेत. कार्बनची टोपणं बाहेरून उघडतात का? बेअरिंग ६०८ किंवा ६००१ अशा कुठेही मिळणाऱ्या क्रमांकाची आहे का? जास्तीचं कोलेट सुटं मिळतं का? या तिन्हींना ‘हो’ असेल तर अनोळखी नावाच्या मशीनलाही माझी हरकत नाही.

तिसरा आक्षेप हौशी माणसाचा: महिन्यातून एकदा मशीन हातात घेणार, मला एवढं कशाला? त्याला मी स्वस्त मशीन घेऊ नको असं सांगणार नाही. काम कोणतं ते विचारेन. सनमाईकाची एक मिमीची कड छाटायची असेल, तर बेअरिंगवालं बिट लावलेला ट्रिमर नावाचा लहान राऊटर पुरतो. त्यात कड कुठे कापायची हे बिटावरची बेअरिंग ठरवते. ती आणि धार एकाच दांड्यावर असल्यामुळे मशीनची चूक बरीचशी झाकली जाते, आणि भारही हलका असतो. फळीच्या कडेला गोलाई देणं, जुनी चौकट साफ करणं यातही ट्रिमर चालून जातो. पण सरकत्या कपाटाच्या झिऱ्या, डोव्हटेल सांधे, ओट्याच्या फळीत सिंकसाठी कापणं, राऊटर टेबलाखाली उलटा लावून पट्ट्यांना नक्षी काढणं ही सगळी कामं कोलेट, खांब आणि बेस यांच्या भरवशावर चालतात. तिथे महिन्यातून एकदा वापरलं काय आणि रोज वापरलं काय, फळी तितकीच वाया जाते.

पैशाचा हिशेब मग असा मांडावा. समजा स्वस्त मशीन २,००० रुपयांचं आहे आणि भरवशाचं ६,००० चं. फरक ४,००० दिसतो. आठ बाय चारचं १८ मिमी प्लाय म्हणजे ३२ चौरस फूट. फुटाला १०० रुपये धरले तर एक शीट ३,२०० रुपयांची. एक शीट बिघडली आणि त्यावर मिस्त्रीची रोजी गेली की फरक संपला. सोबत येणारी पंधरा बिटंही फुकट नसतात. प्लाय आणि एमडीएफमधला गोंद धार खातो, त्याला कार्बाइडचीच धार लागते. शिवाय खोक्यातल्या पंधरांपैकी तीनच रोज लागतात, आणि ती तीन वेगळी, चांगली घ्यावी लागतातच. शेवटी चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. गॉगल, कानाचे मफ आणि मास्क यांचेही पैसे याच हिशेबात धरावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाचा भुसा १९९५ मध्येच कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला आहे. बजेट तोकडंच असेल तर माझा सल्ला असा: मशीन लहान घ्या, पण हलकं घेऊ नका. वाचलेल्या पैशात दोन उत्तम बिटं घ्या. नाहीतर जुनं, पण नावाजलेलं मशीन याच कसोट्या लावून घ्या.

कसोट्यांना दहा मिनिटं लागतात, म्हणूनच फोटो पाहून मागवण्यापेक्षा मुंबईत नागदेवी स्ट्रीट किंवा पुण्यात बोहरी आळी गाठावी. प्लग काढलेला असताना कोलेट बाहेर काढून चिरा मोजाव्यात. नवं, सरळ बिट पूर्ण आत घालून दोन-तीन मिमी वर ओढावं आणि आवळावं. मग हाताने फिरवत त्याचं टोक एखाद्या स्थिर कडेजवळ धरून फट कमी-जास्त होते का ते पाहावं. डायल गेज मिळालं तर उत्तमच. एकाच मुठीवर दाब द्यावा, खोली पक्की करून मशीन बाजूला ढकलून पाहावं, बेसवर पोलादी पट्टी उभी धरून खालून उजेड दिसतो का बघावं. मग दोन मिनिटं चालू ठेवून बंद करावं. थांबता थांबता जो घरघराट ऐकू येतो तो बेअरिंगचा. जीएसटीचं पक्कं बिल घ्यावं. शेवटची कसोटी घरी: बिटाच्या दांड्यावर, कोलेटच्या तोंडाशी मार्करने एक रेघ मारावी आणि टाकाऊ लाकडात मीटरभर झिरी पाडावी. रेघ कोलेटपासून दूर गेलेली दिसली, तर आधी दांड्याचं आणि कोलेटचं माप जुळतं का ते पाहावं. माप बरोबर असूनही रेघ हलली असेल, तर मशीन पुन्हा खोक्यात भरावं, बिल बरोबर घ्यावं आणि दुसऱ्याच दिवशी दुकान गाठावं.