काळा पट्टा आणि शिकविण्याची पात्रता

युद्धकलेच्या शाळेचा दर्जा कोणत्या कसोटीवर ठरवावा, या दृष्टीने जपानमधील ज्यूदोचा अनुभव उद्बोधक आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत 'कोडोकान' ही ज्यूदोची शाळा स्थापन केली आणि शिष्यांच्या प्रगतीनुसार 'दान' श्रेणी देण्याची पद्धत रूढ केली. काळा पट्टा हे त्या श्रेणीचे चिन्ह होय. परंतु श्रेणीने खेळाडूचे कौशल्य सिद्ध होते. शिकविण्याची पात्रता ही वेगळी बाब आहे.

१९८३ नंतरच्या सुमारे तीन दशकांत जपानी शाळांमध्ये ज्यूदो शिकताना शंभराहून अधिक विद्यार्थी मृत्युमुखी पडले. डोक्यास झालेली इजा हे त्याचे एक प्रमुख कारण होते आणि मृतांत नवशिक्यांची संख्या मोठी होती. २०१२ मध्ये तेथील कनिष्ठ माध्यमिक शाळांत पारंपरिक युद्धकलांचे शिक्षण अनिवार्य झाले. पुढच्याच वर्षी ज्यूदोच्या राष्ट्रीय महासंघाने प्रशिक्षकांसाठी स्वतंत्र पात्रता-पद्धती अमलात आणली.

आपल्या शाळांत स्वसंरक्षणाचे वर्ग योजताना मुख्याध्यापकांनी व पंचायत सदस्यांनी प्रशिक्षकाच्या पट्ट्यावर विसंबून राहू नये. सुरक्षितपणे पडण्याचे तंत्र प्रथम शिकविले जाते काय, पुरेशा गाद्या आहेत काय, डोक्यास मार लागताच सराव थांबवून वैद्यकीय तपासणी होते काय, याची खातरजमा आधी करावी.