कीड नव्हे, लाख!



या वेळच्या पाठाची सुरुवात आम्ही आमच्याच एका चुकीपासून करीत आहोत. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी शाळेच्या आवाराची साफसफाई चालू होती. मागच्या भिंतीजवळच्या बोरीच्या फांद्यांवर तांबूस, खडबडीत थर दिसला. झाडाला कीड लागली असे समजून आम्ही माळीबुवांना त्या फांद्या छाटून जाळावयास सांगितले. फांद्या पेटल्या तसा तो थर वितळून थेंब थेंब गळू लागला. वास ओळखीचा वाटला. परीक्षेच्या पेपरांच्या पाकिटांवर मोहर लावताना ऑफिसात हाच वास येतो!

नातवाला न्यायला आलेले एक आजोबा तेथे उभे होते. त्यांची हयात फर्निचरला पॉलिश करण्यात गेली. ते म्हणाले, "सर, ही कीड नाही, लाख आहे. हिच्यावरच आमचं घर चाललं."

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. ‘लाख एक कीट से प्राप्त होती है’ हे वाक्य आम्ही परीक्षेत लिहिले होते आणि त्याचे गुणही मिळाले होते. पण झाडावरची लाख समोर आली तेव्हा ओळखता आली नाही. म्हणून हा पाठ आधी आमच्यासाठी आणि मग तुमच्यासाठी.

लाख तयार कशी होते?

लाखेच्या कीटकाचे शास्त्रीय नाव केरिया लॅका. याची पिल्ले लाल रंगाची आणि जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची असतात. हजारोंच्या संख्येने ती कोवळ्या फांदीवर पसरतात, सालीत सोंड खुपसून रस शोषू लागतात आणि अंगातून राळेसारखा पदार्थ सोडतात. तो वाळून त्यांच्याभोवती कवच तयार होते. मादीचे पाय पुढे नाहीसे होतात. एकदा बसली की जन्मभर ती तेथेच. शेजारशेजारची कवचे जुळून फांदीभोवती जो थर होतो, तीच लाख.

पळस, बोर आणि कुसुम (मराठीत कोशिंब) ही या कीटकाची आवडती झाडे. पळस-बोरीवरच्या लाखेला ‘रंगीनी’ आणि कुसुमावरच्या लाखेला ‘कुसुमी’ म्हणतात. दोन्हींची वर्षाला दोन-दोन पिके येतात आणि त्यांची नावे आपल्या महिन्यांवरूनच पडली आहेत: कार्तिकी, बैसाखी, जेठवी, अगहनी. आम्ही जे जाळले ते कार्तिकीचे पीक होते, अगदी तयार होत आलेले!

झारखंड, छत्तीसगड आणि आपल्या मध्य प्रदेशातील अनेक आदिवासी कुटुंबांना या पिकाचा मोठा आधार आहे. पिकाची सगळी लाख ते काढून घेत नाहीत. पिल्ले बाहेर पडण्याच्या बेतात असलेल्या काही फांद्या राखून त्या नव्या झाडांना बांधतात. हेच लाखेचे बियाणे. ते राखले नाही तर पुढचे पीक नाही, आणि झाड तोडले तर काहीच नाही. कीटक, झाड आणि माणूस अशी ही तिघांची भागीदारी आहे.

घरात आणि इतिहासात लाख

खरवडलेली लाख कुटून धुतली की पाण्यात लाल रंग उतरतो. लोकर आणि रेशीम या रंगाने रंगवीत. स्त्रियांच्या पायांना लावायचा अळता, ज्याला इकडे महावर म्हणतात, तोही पूर्वी याच रंगाचा असे. संस्कृतात त्याला ‘अलक्तक’ असे नाव आहे. उरलेले दाणे कापडाच्या लांब, अरुंद पिशवीत भरून भट्टीसमोर वितळवतात आणि त्याचे पातळ पापुद्रे ओढतात. हा चपडा. तो स्पिरिटमध्ये विरघळवला की आजोबांचे पॉलिश तयार. औषधाच्या काही गोळ्यांवरची चकाकी आणि जयपूरच्या बांगड्या हीसुद्धा लाखेचीच कमाल.

अथर्ववेदात लाक्षेवर एक सूक्त आहे. महाभारतात पांडवांना जाळण्यासाठी वारणावतात लाक्षागृह बांधले गेले, कारण लाख झटकन पेट घेते. पाटण्याचे जेम्स केर यांनी 1781 मध्ये या कीटकाचे शास्त्रीय वर्णन लंडनला प्रसिद्ध केले. पुढे ग्रामोफोनच्या तबकड्या दगडाची पूड आणि लाख यांच्या मिश्रणातून बनू लागल्या. विनाइल येईपर्यंत अर्धे शतक जगाने लाखेवरच गाणे ऐकले. बालगंधर्वांचा आवाज घरोघर पोचला तो या इवल्याशा जिवाच्या आधारानेच! या पिकाच्या अभ्यासासाठी 1924 मध्ये रांचीजवळ नामकुम येथे खास संशोधन संस्था स्थापन झाली.

आम्ही काय शिकलो?

लाखेचा कीटक झाडाचा रस घेतो, हे खरेच. फार वाढला तर फांदी वाळते. म्हणून जाणकार वेळेवर छाटणी करतात व झाडाला विश्रांती देतात. प्रत्येक कीटक आपल्या उपयोगाचा असतो असेही नाही. पण आधी पाहावे, विचारावे, ओळखावे आणि मगच कात्री घ्यावी. आम्ही हा क्रम उलटा केला. यापुढे शाळेच्या आवारातील कोणतेही झाड विज्ञान शिक्षकांनी पाहिल्याशिवाय छाटले जाणार नाही, हा नियम आम्ही स्वतःपासून लागू केला आहे.

बोरीला पुन्हा पालवी फुटली आहे. लाख मात्र अजून परतलेली नाही.

करून पहा

1. घरातील लाखेच्या वस्तू शोधा व त्यांची यादी करा.
2. आजी-आजोबांना अळता, मोहर आणि तबकड्या यांच्या आठवणी विचारून लिहून आणा.
3. बोर, पळस किंवा पिंपळ यांच्या फांद्या भिंगातून पहा. थर दिसला तर तोडू नका; धावत येऊन आम्हाला सांगा.