बारा घरांचं गाणं

“सर, ब्लूज सगळं सारखंच वाटतं. एक गाणं ऐकलं की सगळी ऐकल्यासारखी.”

आपल्या मंडळाच्या एका बैठकीनंतर एका विद्यार्थ्याने मला हे ऐकवलं. मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर मनातून मलाही थोडं तसंच वाटत होतं. मी ब्लूज ऐकलं होतं ते फोनवर, बसमध्ये, अर्धं गाणं झालं की पुढचं लावत. मग नाताळच्या सुट्टीत एका सहकाऱ्याने आपला रेकॉर्ड प्लेअर आणि एक तबकडी माझ्याकडे ठेवायला दिली: स्टीव्ही रे व्हॉन यांची ‘टेक्सास फ्लड’. सुट्टीभर मी तीच ऐकली. हा लेख म्हणजे त्या विद्यार्थ्याला उशिरा दिलेलं उत्तर आहे. आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीची कबुलीही, ती शेवटी सांगतो.

आधी तबकडीची ओळख. व्हॉन यांचा जन्म १९५४ चा, डॅलसचा. १९८२ च्या जुलैमध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो महोत्सवात ते आपल्या ‘डबल ट्रबल’ या त्रिकुटाबरोबर वाजवायला गेले, तेव्हा त्यांचा एकही अल्बम निघालेला नव्हता. काही श्रोत्यांनी तर त्यांची हुर्यो उडवली. पण तिथेच गायक जॅक्सन ब्राऊन यांनी त्यांना ऐकलं आणि लॉस एंजेलिसमधला आपला स्टुडिओ फुकट वापरायला दिला. त्या नोव्हेंबरमध्ये तीन दिवसांत तिघांनी एकत्र वाजवून ही गाणी टेपवर उतरवली: व्हॉन गिटारवर, टॉमी शॅनन बेसवर, ख्रिस लेटन ड्रम्सवर. १९८३ मध्ये एपिक कंपनीने अल्बम काढला. दोन बाजू, प्रत्येक बाजूला पाच गाणी, सगळी मिळून सुमारे ३९ मिनिटं.

आता मूळ प्रश्न. सारखं वाटतं, कारण साचा खरोखरच सारखा असतो. ब्लूजचा सगळ्यात रूढ साचा बारा ‘बार’चा. बार म्हणजे चार ठोक्यांचं एक घर समजा. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिली चार घरं ‘सा’च्या आधाराने, पुढची दोन ‘म’च्या, मग दोन परत ‘सा’ची. नंतर एक ‘प’चं, एक ‘म’चं आणि शेवटची दोन पुन्हा ‘सा’ची. झाली बारा. कलाकार यात थोडेफार बदल करतात, पण घर ओळखू येतं.

या बारा घरांत शब्दांच्या ओळी तीन. पहिली ओळ सांगायची, दुसऱ्यांदा तीच म्हणायची आणि तिसरीने तिला उत्तर द्यायचं किंवा शेवट करायचा. प्रत्येक ओळ आपल्या चार घरांपैकी साधारण दोनच घरं घेते. उरलेली दोन रिकामी राहतात. ती का, हे समजलं की ब्लूज ऐकू यायला लागतं. ती जागा वाद्याची असते. गळा बोलतो, गिटार उत्तर देते.

सवाल-जवाबाची ही रीत अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या शेतातल्या श्रमगीतांतून आणि त्यांच्या चर्चमधून आली. आपल्या चॅपलमध्ये एकाने ओळ म्हणायची आणि सगळ्यांनी प्रतिसाद द्यायचा, किंवा कीर्तनात बुवांची ओळ टाळकऱ्यांनी उचलायची, हे ज्याने अनुभवलंय त्याला ती परकी वाटायला नको.

हे ध्यानात ठेवून पहिल्या बाजूचं तिसरं गाणं लावा. अल्बमला नाव दिलेलं हेच ते गाणं. ते व्हॉन यांचं नव्हे. लॅरी डेव्हिस यांनी ते १९५८ मध्ये ध्वनिमुद्रित केलं होतं. विषय साधा: पूर आलाय, फोन लागत नाही, जिच्याशी बोलायचं तिच्याशी बोलता येत नाही. लय संथ, प्रत्येक ठोक्याचे तीन तीन भाग पडतात, म्हणून ती झुलते. ते तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त गळा ऐका. दुसऱ्यांदा फक्त रिकाम्या घरांत गिटार काय म्हणते ते ऐका. ती तार दाबून ओढते, आपल्या मींडेसारखी, आणि कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधेच कुठेतरी थांबते. पेटीवर तो स्वर सापडणार नाही. तिसऱ्यांदा बेस आणि ड्रम्स ऐका. ते दोघं जवळजवळ काहीच ‘करत’ नाहीत, घर सांभाळतात. त्यांनी घर सांभाळलं म्हणूनच गिटारला भटकता येतं.

दहापैकी चार गाणी इतरांची आहेत. त्यांत हाऊलिन वुल्फ यांचं एक आणि बडी गाय यांनी आपल्या शाळेतल्या मेरीच्या कोकराचं केलेलं ब्लूजही आहे. एका गोऱ्या टेक्सन माणसाने काळ्या लोकांच्या दुःखाचा साचा वापरावा का, असा प्रश्न इथे पडतो. तो पडायलाच हवा. मला इतकंच दिसतं, की त्याने साचा घेतला तसं कुणाकडून घेतला तेही उघडपणे सांगितलं. अल्बमचं नावच मुळी दुसऱ्याच्या गाण्याचं आहे.

मग तबकडीच कशाला, फोन का नाही? तबकडीचा आवाज आपोआप चांगला असतो, असं मी म्हणणार नाही. धूळ असली की टिकटिक होते. मिनिटाला ३३⅓ फेरे ठरलेले, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते आणि आतल्या बाजूला जेमतेम २१. म्हणजे बाजू संपत येते तसे बारीक, तीक्ष्ण आवाज नीट उमटायला जागा कमी पडते. एका बाजूला वीसेक मिनिटांपेक्षा फार जास्त भरलं तर आवाजाची ताकद कमी करावी लागते. तबकडीसुद्धा एक साचाच आहे.

पण याच साच्याने मला बसवलं. गाणं पुढे ढकलायला उठावं लागतं, म्हणून मी ढकललं नाही. पाच गाणी झाली की उठून बाजू उलटायची. दुसऱ्या बाजूच्या शेवटी, आतल्या खाचांत, ‘लेनी’ आहे: पत्नी लेनोराच्या नावाने केलेलं, शब्दच नसलेलं, हळुवार. त्यात बारा घरं नाहीत. आधी पुन्हापुन्हा त्या घरांतून फिरलो होतो, म्हणूनच ते बाहेर पडणं मला जाणवलं. फोनवर हेच वादन मी दोनदा अर्ध्यावर सोडलं होतं.

आता ती चूक. दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने आजीवर लिहिलेल्या ओव्या या नियतकालिकासाठी दिल्या होत्या. मी वर शेरा मारला, “तोच तो साचा. यातून बाहेर या.” तिने पुन्हा काही दिलं नाही. ज्ञानेश्वरीत ९००० हून अधिक ओव्या आहेत, सगळ्या त्याच साडेतीन चरणांच्या. तिथे मी कधी साच्याची तक्रार केली नाही. तिच्या ओव्यांत साचा तेवढा पाहिला, रिकाम्या घरांत ती काय म्हणत होती ते ऐकलंच नाही.

सुट्टीनंतर तो कागद फाईलमधून काढून पुन्हा वाचला. चौथ्या ओवीत आजीच्या हातातली पिशवी आहे, आणि ती पिशवी मला तेव्हा दिसली नव्हती. मी शेरा खोडला आहे आणि तिला तसं कळवलंही आहे. तिने होकार दिला तर त्या ओव्या पुढच्या अंकात येतील.

आणि ज्याने प्रश्न विचारला त्याला: तबकडी अजून माझ्याकडे आहे. चाळीस मिनिटं काढून ये. मधे बाजू तू उलट.