पाणंदीत अडकलेली मोटारसायकल

प्रश्न : भूम तालुक्यात आमचं शेत आहे. पाणंदीने जाताना पावसाळ्यात चाक जाम होतं, उन्हाळ्यात बाभळीचे काटे. काय करू?

उत्तर : काळी माती मडगार्डखाली गच्च बसली की रेस वाढवू नका, क्लच प्लेट जळते. इंजिन बंद करून खुरप्याने माती काढा. टायर ट्यूबलेस असेल आणि हवा टिकून असेल, तर काटा उपटण्याची घाई नको. सावकाश डांबरीपर्यंत या. ट्यूब असेल तर मात्र ढकलतच न्या. पंक्चर किट, हातपंप, प्लगपाना सोबत हवाच. तुटलेली चेन जोडायला चेनलॉकही ठेवा, लोक नेमकं तेच विसरतात. बसवताना त्याच्या क्लिपची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला ठेवा. उलटी बसली तर निसटू शकते.