बेरीज दोनशेनं कमी का आली?

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात गावोगाव बायांचे बचत गट आहेत. पैसे जमतात, वहीत चढतात. काही ठिकाणी हिशेब आता संगणकावरही ठेवतात. संगणकावरच्या त्या तक्त्याला स्प्रेडशीट म्हणतात. एक्सेल हा त्यातलाच एक. वहीसारखेच उभे रकाने, आडव्या ओळी आणि मधे घरं.

समजा, गटात बारा बाया. प्रत्येकीचे शंभर. बेरीज बाराशे यायला पाहिजे. तक्ता सांगतो, एक हजार! बैठकीत कुजबुज सुरू होते. "दोनशे कुठी गेले वो बाई?" सचिवबाईचं तोंड एवढंसं होतं. पेटीत तर पुरे बाराशे आहेत. मग चूक कुठं?

दहा घरांत नुसतं १०० भरलं होतं. दोन घरांत '१०० रुपये' भरलं होतं. आपल्याला दोन्ही सारखंच. संगणकाला तसं नाही. आकड्याला अक्षर चिकटलं, की तो त्याला मजकूर समजतो. बेरजेत धरत नाही. ओळखायची खूण आहे. आकडा घराच्या उजव्या कडेला बसतो, मजकूर डाव्या कडेला. म्हणून रकाना देखणा दिसावा म्हणून सगळं मधोमध आणायची घाई करू नका. खूणच पुसली जाते.

आधी ती दोन घरं दुरुस्त करा. नुसता आकडा भरा, तोही इंग्रजी आकड्यांत. मग रकान्याच्या डोक्यावरचं अक्षर दाबा. सगळा रकाना एकदम निवडला जातो. त्याला 'फॉरमॅट सेल्स' मधून 'करन्सी' हे रूप द्या. रुपयाची खूण दिसू लागेल, आणि आकडा आकडाच राहील.

कर्जाचा, व्याजाचा रकानाही तसाच हवा? पुन्हा सगळं करू नका. वर एक छोटा ब्रश दिसतो. त्याचं नाव फॉरमॅट पेंटर. तयार घरावर जा, ब्रश दाबा, दुसऱ्या घरावर फिरवा. आकडा तिथलाच राहतो, रूप इकडचं येतं. ब्रश दोनदा पटकन दाबला, तर कितीही ठिकाणी फिरवता येतो. थांबायचं असेल तेव्हा एस्केपचं बटण दाबा.

सातबारा पाहा. वणीचा असो की पुसदचा, नमुना एकच. म्हणून वाचणाऱ्याला कुठं काय ते लगेच सापडतं. गटाचे बारा महिन्यांचे तक्तेही तसेच असावेत. खाली महिन्यांची नावं असतात. पहिल्या नावावर दाबा, मग शिफ्टचं बटण धरून शेवटच्या नावावर दाबा. बाराही तक्ते एकत्र जोडले जातात. एकाला रूप द्या, बाराही बदलतात.

पण इथं जपा. जोडलेले असताना जानेवारीत आकडा भरला, तर तोच आकडा बाराही महिन्यांत जाऊन बसतो! आधीचा तिथला पुसूनही जातो. काम झालं, की महिन्याच्या नावावर उजवं बटण दाबून 'अनग्रुप शीट्स' करा. मगच आकडे भरायला बसा.